सुनेच्या तोंडचं नाव

सकाळची काही कामं घरातलं कुणी उठायच्या आत उरकायची, ही उलकानची जुनी सवय. सासऱ्यांच्या अंथरुणाजवळची पत्र्याची बादली ती पावलांचा आवाज न करता उचलून नेई, परसात रिकामी करी, राखेनं घासून जागच्या जागी ठेवी. गादी ओली झालेली असली तर ती गोठ्यामागच्या कुंपणावर वाळत घाली; रस्त्यावरच्या कुंपणाला ऊन चांगलं लागायचं, तरीही गोठ्यामागेच. एके काळी साऱ्या खोऱ्यातले अडेल घोडे ज्याच्या हाताखाली माणसाळले त्या माणसाची गादी येणाऱ्या-जाणाऱ्यानं का बघावी? याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. सासऱ्यांनी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. ते उठत तेव्हा बादली कोरडी असे आणि चहाच्या पाण्याचा समोवार उकळत असे. मग आतून हाक येई,

"झुळझुळ, चहा!"

हे नाव तिला सासऱ्यांनीच दिलेलं. आमच्याकडे सुनेनं सासरच्या मोठ्या माणसांची नावं उच्चारायची नाहीत. त्यातून नावं म्हणजे रोजच्या वापरातलेच शब्द, त्यामुळे नव्या नवरीची फार पंचाईत होते. उलकानच्या सासऱ्यांचं नाव बुलाक, म्हणजे झरा. आणि गावाचं पिण्याचं पाणी डोंगरातल्या बुलाकचंच! लग्नानंतर पहिल्यांदा कळशी उचलून निघाली तेव्हा सासऱ्यांनी मुद्दाम विचारलं, "कुठं निघालीस, बाळ?" ती दारात गोंधळून उभी राहिली, आणि एकदम म्हणाली, "झुळझुळीवर." म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. त्या शब्दासाठी त्यांनी तिला पांढऱ्या डोक्याचं कोकरू बक्षीस दिलं आणि तेव्हापासून तिचं नावच ते पडलं. चुलत सासरे तेमिर, म्हणजे लोखंड. लोखंडाला ती 'गंजणारं' म्हणायची. "अगं, मला जिवंतपणी गंजवलंस की!" असं ते दर ईदेला म्हणत.

तर त्या दिवशी ओली गादी तिच्या हातातच होती आणि फाटकावर टकटक झाली.

गावात फाटक कुणी वाजवत नाही. कुंपणावरून हाक मारतात, नाहीतर सरळ आत येतात. टकटक म्हणजे काहीतरी कामाचं. उलकाननं गादी गवताच्या ढिगावर फेकली, वर जुना लोकरीचा नमदा टाकला आणि ओढणी सारखी करत गेली. बाहेर कासिमाली उभे होते, गावाचा शब्द चालवणाऱ्या पांढऱ्या दाढ्यांमधली सर्वांत लांब दाढी. मागे आणखी दोघे.

"बुलाक उठलाय का?" त्यांनी विचारलं. "काम तसं तुझ्याशीच आहे. पण त्याच्यासमोर बोलायचंय."

चहा झाला, पाव मोडला गेला, साय पुढे आली. कासिमालींनी वाटी खाली ठेवली. "गावपरिषदेची निवडणूक लागलीय. काही बायका बसवायच्याच, असा कायदा आहे. म्हटलं बसवायचीच आहे तर तोंड असलेली बसवू."

"तोंड तर आहेच हो तिला," सासू बात्मा चुलीपाशी बसून म्हणाली. "मला विचारा ना."

"अर्ज तीच लिहिते सगळ्यांचे. पेन्शनचे, गायीच्या विम्याचे. आणि त्या पर्यटकांच्या पाहुणेघरवाल्यानं डोंगरातल्या बुलाकभोवती तारेचं कुंपण घातल्यापासून परिषदेतला एकजण तोंड उघडेल तर शपथ. नळी टाकून पाणी तो नेतो, तोंडाशी गाळ साचलाय, आणि आमच्या सुना गुरांनी ढवळलेल्या पाटाचं पाणी भरतात."

उलकानच्या हातातली किटली थांबली. ती डोंगरापलीकडच्या गावची. मास्तरीण व्हायला शहरात गेली होती आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून लग्न करून इथं आली. नवरा सागिन रशियात इमारतींच्या कामावर. वर्षातून एकदा येई, उरलेला वेळ फोनमध्ये असे. या घरात तिला कुणी गप्प बसवलं नव्हतं, पण तिचं बोलणं कुणी कधी मागितलंही नव्हतं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

म्हाताऱ्यानं तोवर दोन्ही तळवे उघडून पुढे धरले होते. "वाट मोकळी होवो," ते म्हणाले. "जीभ गोड राहो. माझी झुळझुळ उभी राहणार!" सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि ती उमेदवार झाली.

प्रचार म्हणजे मुख्यतः खाणं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. ज्या घरी जा, तिथं पाव मोडल्याशिवाय उठता येत नाही. बरोबर जिपार, कोपऱ्यावरच्या दुकानाची मालकीण आणि उलकानची जिवाभावाची मैत्रीण.

"एजे, या गल्लीत अजून चार घरं," जिपार कण्हत म्हणायची. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात, ताई म्हणावं तसं. "मत देवोत न देवोत, मी मरणार."

"तू नुसता तुकडा मोड ना. तोंडाला लाव आणि ठेव."

"आणि साय? ती कशी लावायची तोंडाला?"

बायका उलकानला बघून हसायच्या, पण ते हसणं मायेचं होतं. "काय ग, झुळझुळ कधी आणतेस दारात?" तिच्या पत्रकावरही झऱ्याचं नाव नव्हतं. छापखान्यातला पोरगा म्हणाला, बुलाक हा शब्द नाही तर पत्रकाला अर्थ काय? तिनं विचार करून लिहून दिलं, 'आमचं पाणी आम्हाला'. घरी आल्यावर सासऱ्यांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. "हुशार आहेस," म्हणाले. "म्हाताऱ्याला वाचवलंस."

आणि तेही कामाला लागले होते. दुपारी दुकानासमोरच्या बाकावर म्हातारे ऊन खात बसायचे, तिथं जाऊन ते एकेकाला धरायचे. "माझ्या झुळझुळला मत दे. देणार ना? नाहीतर तुझा तो काळा घोडा मी माणसाळवला होता, तो उलटा शिकवून जाईन." फार वेळ बसवत नसे, दर थोड्या वेळानं उठून घरी यावं लागे. तरी परत जायचे.

समोरचा उमेदवार एर्मेक. पेट्रोल पंपवाला, चाळिशीचा, चकचकीत बुटांचा, पाहुणेघरवाल्याचा मेव्हणा. बोलण्यात पटाईत. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात गावच्या क्लबात सगळ्या उमेदवारांची सभा ठेवली होती. बटाटे काढून झालेले, लोकांना सवड होती. हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत बुलाक बसले होते. डोक्यावरची पांढरी उंच टोपी, कल्पाक, घासूनपुसून, जुना काळा कोट घालून. त्या दिवशी त्यांनी दुपारपासून पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता, म्हणजे मध्येच उठावं लागू नये. हे उलकानला माहीत होतं. चहाची वाटी तशीच परत आली तेव्हाच तिला कळलं होतं.

ती चांगलं बोलली. पाटाच्या पाण्यानं आजारी पडलेल्या पोरांबद्दल, कुंपणाबद्दल. टाळ्या पडल्या. मग एर्मेक उठला.

"एजे छान बोलल्या. पण मला एक समजेना. तालुक्याला अर्ज करताना एजे काय लिहिणार? 'झुळझुळीभोवतीचं कुंपण काढा'?" हॉलमध्ये हशा पिकला. "साहेब विचारतील, बाई, झुळझुळ कुठल्या नकाशात आहे? जिला पाण्याचं नाव घेता येत नाही ती पाणी आणणार! एजे, एकदा म्हणून दाखवा ना. बु... बु..."

मागच्या बाकांवरची पोरं 'बु, बु' करू लागली. उलकानच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. इतक्या वर्षांचं लाडकं नाव या माणसानं चिखलात टाकून वर बूट ठेवला होता. ती ताडकन उठली.

"बुलाक!" ती ओरडली. "ऐकलंत? बुलाक! घेतलं नाव. आता ऐका. बुलाक म्हातारा झालाय. तोंडाशी गाळ साचलाय. थेंब थेंब गळतोय, आणि तुम्ही सगळे नुसते बघताय!"

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसणं बाकाबाकावरून पुढे येत गेलं. उलकानला आधी कळलंच नाही. ती झऱ्याबद्दल बोलत होती. लोक पहिल्या रांगेकडे बघत होते. मग कळलं. आपण काय बोललो ते कळलं, आणि त्याच वेळी हेही जाणवलं की एर्मेकचं तोंड पडलंय, हॉल त्याच्या हातातून सुटून आपल्याकडे आलाय. तिथं ती थांबली असती तर ते नुसतं जीभ घसरणं ठरलं असतं. लोकांनी जीभ चावली असती, घरी जाऊन विसरले असते.

पण एर्मेकनं सावरायला म्हणून विचारलं, "मग उपाय काय, एजे?"

आणि तिच्या तोंडून गेलं, "उपाय? खाली बादली लावा, दुसरं काय!"

हॉल कोसळला. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. जिपारनं डोळे पुसले. उलकानही हसत होती. हसता हसताच तिची नजर पहिल्या रांगेवर गेली.

बुलाक हसत नव्हते, रागावलेही नव्हते. त्यांनी कल्पाक काढून गुडघ्यावर ठेवला होता आणि त्याची कड बोटांनी सारखी करत होते. बादलीची गोष्ट घराबाहेरच्या कुणालाच माहीत नव्हती. हॉलला ती नुसती गंमत होती. ती खरी कळली दोघांनाच: जिनं रोज पहाटे ती घासली तिला, आणि ज्यानं रोज झोपेचं सोंग घेऊन तिला घासू दिली त्याला. म्हाताऱ्यानं एकदाच वर पाहिलं. त्या नजरेत एवढंच होतं, की मला वाटलं होतं हे आपल्यातच आहे.

सभा संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग एकटेच घरी गेले, तिच्यासाठी न थांबता.

दुसऱ्या दिवशी उलकान नेहमीपेक्षा आधी उठली. बादली जागेवर नव्हती. ती परसात धुऊन पालथी घातलेली होती, नीट घासता न आल्यानं कडेला राख तशीच होती. आणि गादीही जागेवर नव्हती. सासऱ्यांनी ती स्वतः ओढत नेऊन रस्त्याच्या कुंपणावर टाकली होती, ओला डाग बाहेरच्या बाजूला करून. आता लपवायचं काय राहिलंय, अशी. शेजारची सून पाटावर निघाली होती. तिनं बघितलं आणि मान फिरवली. उलकान धावत गेली, गादीला हात घातला, आणि आतून आवाज आला,

"राहू द्या तिथंच. तिथं ऊन चांगलं लागतं."

राहू द्या. त्यांनी तिला अहो-जाहो केलं होतं. तिचा हात गादीवरच राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

समोवार उकळला. हाक आली नाही. बऱ्याच वेळानं नुसती वाटी जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी कणीक मळताना बात्मा म्हणाली, "तू नाव घेतलंस तेव्हा मला वाटलं, घसरली. रागात माणूस घसरतं. मीसुद्धा एकदा भांडणात ह्यांचं नाव घेतलंय, भूत मागे लागल्यासारखी पळाले होते मग." तिनं कणकेला मूठ मारली. "पण मग तू आणखी एक बोललीस."

"आई, लोक हसत होते म्हणून..."

"तेच म्हणतेय मी."

आणि ती पुन्हा कणकेकडे वळली.

मतदानाच्या दिवशी उलकान निवडून आली, आणि चांगल्या मतांनी. त्या सभेचं चित्रण कुणीतरी फोनवर टाकलं होतं. शेजारच्या गावांतूनही लोक 'ती बादलीवाली' म्हणून ओळखू लागले होते. बायकांनी घरी येऊन कढई चढवली, कणकेचे फुगीर बोरसोक तळले, गळ्यात गळे घातले. "काय बोललीस ग तू! एर्मेकचं तोंड बघण्यासारखं झालं!" दर वेळी उलकान म्हणायची, "जाऊ दे ना तो विषय," आणि त्यांना वाटायचं ही विनयानं म्हणतेय. बाहेर पोरं कुंपणाजवळून जाताना ओरडत, "बादली लावा!" आणि पळत. आत भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस ऐकत असे.

सागिनचा फोन आला. मागे कामाच्या जागेचा ठणठणाट. "इथंही आलंय ते," तो म्हणाला. "आपल्याकडची पोरं जेवताना लावतात. त्यांना माहीत नाही तो माझा बाप म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणणार? मीही हसलो थोडं." मग त्यानं आवाज खाली आणला. "बाबा बाकावर जातात का ग?"

"नाही," ती म्हणाली. "जात नाहीत."

बाकावरचे म्हातारे दोन-तीनदा बोलवायला आले. बुलाकांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. कासिमाली फाटकात उभे राहून उलकानला म्हणाले, "काम चांगलं कर, पोरी. निदान ते तरी." त्यांच्या 'निदान'नं ती कानकोंडी झाली. घरात सासऱ्यांशी बोलणं चालूच होतं, आणि तेच वाईट होतं. "मीठ द्या." "दार लावून घ्या." एकदा तर, "सदस्यबाई, तुमचा फोन वाजतोय." आवाज साधा, न चिडलेला. परक्या घरी आलेला पाहुणा बोलतो तसा.

परिषदेच्या पहिल्याच बैठकीत तिनं झऱ्याचा विषय काढला. अर्ज तिनंच लिहिला. 'बुलाक' हा शब्द लिहायला ती बराच वेळ पेन धरून बसली, आणि लिहिल्यावर कागद उपडा करून ठेवला. पाहुणेघरवाल्यानं आठवडाभर आरडाओरडा केला, तालुक्याहून माणूस आला, आणि कुंपण निघालं. बर्फ खाली उतरायच्या आत सगळा गाव फावडी घेऊन वर गेला. गाळ उपसला. पुरुषांनी दगड रचले, बायकांनी मोठ्या पातेल्यात रस्सा केला. दुपारपर्यंत पाणी स्वच्छ झालं आणि खरोखरच झुळझुळ वाजायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "उलकान-एजे, पहिली कळशी तुझी!"

तिनं कळशी भरली. वर कुठंतरी एका पोरानं "बादली लावा!" म्हटलं आणि सगळे हसले. ती हसली नाही. कळशी उचलून उतारावरून एकटीच खाली आली. पाठीमागून जिपार हाका मारत होती, जेवण व्हायचंय म्हणून.

घरात शिरली तेव्हा बात्मा गोठ्यात होती. बुलाक नेहमीच्या जागी, दारासमोरच्या भिंतीला टेकून बसले होते. उलकाननं त्या पाण्याचा चहा केला. वाटी भरली ती अर्धीच, मोठ्यांना देतात तशी, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवली आणि नवी नवरी बसते तशी दाराजवळच्या खालच्या जागी जाऊन बसली.

"वरचं पाणी आहे," ती म्हणाली. "आज मोकळं झालं."

"ठेवा," ते म्हणाले.

"बाबा, मी चुकले."

"तुम्ही काय चुकीचं बोललात?" त्यांनी वाटीकडे पाहिलं. "म्हातारा झालाच आहे. गळतोच आहे. गावाला पाणी मिळालं ना? मग झालं."

तिला खूप बोलायचं होतं. एर्मेकनं कसं डिवचलं ते, पहिलं वाक्य खरंच झऱ्याबद्दलचं होतं ते, माफी कशी मागावी यासाठी रात्रंदिवस मनात जुळवलेलं सगळं. प्रचारात कुणाच्याही दारात तिची जीभ अडली नव्हती. इथं ती अडली, आणि जुळवलेल्यातलं काही उपयोगाचं नाही हेही तिला कळलं. दुसरं वाक्य तिचंच होतं. त्याला कारण नव्हतं.

चहावरची वाफ कमी होत चालली होती. म्हाताऱ्यानं अजून वाटीला हात लावला नव्हता.

उलकाननं ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि खाली बघत म्हणाली,

"बाबा, मला झुळझुळ म्हणून हाक मारा."